नावामागचे गाव : फोर्ब्स, लॅमिंग्टन, डनलॉप आणि इतर

(मुंबईतील जुन्या व्यापारी पेढ्यांच्या स्कॉटिश नावांविषयी वाचकांकडून अलीकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना या वेळी एकत्रित उत्तरे देत आहोत.)

प्रश्न : माझे वडील फोर्टमधील फोर्ब्स कंपनीत लिपिक होते. कंपनीचे नाव स्कॉटलंडमधील एका गावावरून पडले आहे, असे तेथील जुने सहकारी सांगत. काहींचे म्हणणे मात्र असे होते की ते केवळ संस्थापकाचे आडनाव आहे. यांपैकी खरे काय, आणि ते गाव आजही आहे का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोन्ही म्हणणी खरी आहेत, मात्र दोहोंच्या मधली एक पायरी सांगायची राहून जाते. कंपनीचे नाव संस्थापक जॉन फोर्ब्स यांच्या आडनावावरून पडले आणि ते आडनाव ईशान्य स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायर परगण्यातल्या फोर्ब्स नावाच्या जमिनीवरून आले. डॉन नदीच्या खोऱ्यात, आल्फर्ड या गावाजवळ ही जमीन आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा तिसरा अलेक्झांडर याने डंकन नावाच्या पुरुषाला तिची सनद दिली आणि त्याच्या वंशजांनी जमिनीचेच नाव लावण्यास सुरुवात केली. शेत किंवा जमिनीचा तुकडा अशा अर्थाच्या, स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेतील शब्दापासून हे नाव बनले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपण आज त्याचा उच्चार ‘फोर्ब्स’ असा एका दमात करतो, पण स्कॉटलंडमध्ये पूर्वी ‘फोर-बेस’ असा दोन अवयवांचा उच्चार रूढ होता. अस्वलांच्या उपद्रवामुळे ही भूमी ओसाड पडली होती आणि घराण्याच्या मूळपुरुषाने अस्वल मारून ती वस्तीयोग्य केली, अशी एक आख्यायिका आहे. तिला इतिहास मानण्याचे कारण नाही. तथापि घराण्याच्या कुलचिन्हावर अस्वलांची तीन मुंडकी आहेत, एवढे खरे.

परंतु तुमच्या वडिलांच्या कंपनीचे मूळ शोधायचे असेल, तर आल्फर्डपाशी थांबून चालणार नाही. चार-पाच शतकांत फोर्ब्स घराण्याच्या अनेक शाखा झाल्या आणि त्या डॉनच्या खोऱ्यात ठिकठिकाणी पसरल्या. नदीच्या उगमाकडील डोंगराळ भागाला स्ट्रॅथडॉन म्हणतात. तेथील बेलाबेग या छोट्या वस्तीशी जॉन फोर्ब्स यांच्या कुटुंबाचे नाते होते. त्यांचा जन्म १७४३ सालचा. ते तरुणपणी मुंबईस आले आणि १७६७ मध्ये त्यांनी पेढी सुरू केली. कंपनी आपले स्थापनावर्ष म्हणून हेच साल सांगते. ईस्ट इंडिया कंपनीने युरोपशी होणाऱ्या व्यापाराची मक्तेदारी स्वतःकडे ठेवली होती, पण आशियातील बंदरांमधला व्यापार खासगी व्यापाऱ्यांना परवाना घेऊन करता येत असे. मुंबईहून चीनकडे जाणारा कापूस हा त्या व्यापाराचा कणा होता. फोर्ब्स यांच्या पेढीने कापूस, जहाजे आणि सावकारी या तिन्ही अंगांनी आपले बस्तान बसवले.

या व्यापारात मिळालेल्या पैशातून त्यांनी जे केले, त्यात तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. स्ट्रॅथडॉनमध्ये न्यू नावाची एक इस्टेट होती. ती त्यांच्या घराण्याची, पण हातची गेलेली. मुंबईच्या पैशावर त्यांनी ती परत विकत घेतली. गावी त्यांना ‘बॉम्बे जॉक’ म्हणत. १८२१ मध्ये ते वारले तेव्हा त्यांना अपत्य नव्हते. त्यामुळे ही इस्टेट त्यांचे पुतणे चार्ल्स फोर्ब्स यांच्याकडे गेली, ज्यांनी मुंबईतील पेढीचा कारभार आधीच पाहिला होता आणि जे तोवर ब्रिटिश संसदेत निवडून गेले होते. १८२३ मध्ये चार्ल्स यांना ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला, आणि त्याच वर्षी त्यांनी स्ट्रॅथडॉनमध्ये ‘लोनाक हायलँड अँड फ्रेंडली सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. लोनाक हे तेथील डोंगराचे नाव आणि फोर्ब्स घराण्याची युद्धघोषणाही. या संस्थेचा मेळावा आजही दर ऑगस्टमध्ये बेलाबेगला भरतो, आणि घराण्याचे पट्टेदार वस्त्र नेसलेले, हातात भाले घेतलेले पुरुष वाद्यांच्या गजरात खोऱ्यातून संचलन करीत जातात. म्हणजे गाव आहे, मेळावाही आहे. चार्ल्स यांनी तेथे बांधलेला वाडा मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाडला गेला.

मुंबईत त्यांच्या खुणा अधिक टिकल्या आहेत. काळा घोडा परिसरातील ज्या रस्त्याला आज डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग म्हणतात, तो पूर्वीचा फोर्ब्स स्ट्रीट. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये चार्ल्स फोर्ब्स यांचा पुतळा आहे. तो सर फ्रान्सिस चँट्री या त्या काळच्या नामवंत इंग्रज शिल्पकाराने घडवला. त्याच शिल्पकाराने घडवलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि सर जॉन माल्कम या दोन गव्हर्नरांचे पुतळेही तेथेच आहेत. मुलकी किंवा लष्करी सेवेत नसलेल्या माणसाचा पुतळा भारतीयांनी उभारल्याचे चार्ल्स यांचा पुतळा हे पहिलेच उदाहरण, असे त्यांच्या चरित्रकाराने नोंदवले आहे. मुंबईकरांना शुद्ध पाणी भरपूर मिळावे म्हणून अखेरच्या काळात त्यांनी मोठी रक्कम बाजूला काढून ठेवली, असेही तोच चरित्रकार सांगतो. १९८२ मध्ये याच कंपनीने इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत युरेका फोर्ब्स सुरू केली आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र घेऊन तिचे विक्रेते मुंबईतील चाळी-इमारतींचे जिने चढू लागले. हा केवळ योगायोग आहे, पण नोंदवण्याचा मोह आवरत नाही. मूळ कंपनी पुढे टाटा समूहाकडे आणि त्यानंतर शापूरजी पालनजी समूहाकडे गेली. नाव तेवढे स्कॉटिश राहिले.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे नेमके उत्तर असे : नावाचे गाव आल्फर्डजवळचे फोर्ब्स, आणि नाव घेऊन आलेल्या माणसांचे गाव स्ट्रॅथडॉन. कोणत्याही जुन्या कंपनीविषयी ही दोन गावे वेगवेगळी असू शकतात, हे लक्षात ठेवले की पुष्कळ वाद मिटतात. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. स्ट्रॅथडॉनच्या लोकांना इस्टेटीचा पैसा कोठून आला हे ‘बॉम्बे जॉक’ या टोपणनावातच कळत असे. मुंबईच्या कापसावरचा नफा कोठे गेला, हे मात्र कंपनीच्या नावावरून मुंबईकरांना कधीच कळले नसते. त्यासाठी न्यू इस्टेटीचीच हकिकत वाचावी लागते.

प्रश्न : जगातील श्रीमंतांची यादी छापणारे ‘फोर्ब्स’ मासिक आणि मुंबईची फोर्ब्स कंपनी यांचा काही संबंध आहे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : संबंध नाही. मासिकाचे संस्थापक बी. सी. फोर्ब्स हे पत्रकार होते. १८८० मध्ये ॲबर्डीनशायरमधीलच न्यू डिअर या गावच्या परिसरात त्यांचा जन्म झाला. ते अमेरिकेत गेले आणि १९१७ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी मासिक काढले. परगणा एक, आडनाव एक, पण व्यवसाय आणि कुटुंब वेगळे. त्या परगण्यात हे आडनाव फार मोठ्या प्रमाणावर आढळते, त्यामुळे केवळ त्यावरून सोयरसंबंध जोडू नये. याचे कारण पुढील उत्तरात आले आहे.

प्रश्न : आपल्याकडे गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनाव होते. स्कॉटलंडमध्येही असेच होते का? तसे असेल तर ‘मॅकिनन मॅकेन्झी’ या बॅलार्ड इस्टेटमधील कंपनीच्या नावातही गावे दडलेली असावीत, असे आमच्या मित्रमंडळीत ठरले आहे. — एक वाचिका, दादर

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर ‘काही प्रमाणात होय’ आणि दुसऱ्या भागाचे ‘नाही’.

आपल्या ‘कर’ आडनावाचा अर्थ बहुधा एवढाच की घराणे त्या गावचे, किंवा ते गाव सोडून अन्यत्र गेल्यावर लोक त्यांना त्या नावाने ओळखू लागले. गावची जमीन त्यांच्या मालकीची असायला हवी असे नाही. स्कॉटलंडमध्ये आरंभ उलट बाजूने झाला. ज्याला सनद मिळाली तो जमिनीचा मालक प्रथम त्या जमिनीचे नाव लावू लागला. आडनाव आणि जमिनीचे नाव एकच असेल अशा प्रमुख घराण्यासाठी कागदोपत्री एक खास शब्दप्रयोग वापरला जाई, ज्याचा आशय ‘त्याच नावाच्या ठिकाणचा’ असा होता. पुढे त्या जमिनीवर राहणारी कुळे आणि आश्रित मंडळीही मालकाचे आडनाव स्वीकारू लागली. रक्ताचे नाते नसतानाही शेकडो कुटुंबांचे आडनाव एकच झाले ते यामुळे. मग एकाच खोऱ्यात इतके फोर्ब्स झाले की माणसाला ओळखायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला आणि त्यावर तोडगा म्हणून जमीनदाराला त्याच्या इस्टेटीच्या वा शेताच्या नावाने हाक मारण्याची पद्धत पडली. ‘न्यू’ म्हटले की न्यूचे फोर्ब्स, ‘बेलाबेग’ म्हटले की बेलाबेगचे फोर्ब्स. आपल्याकडील कुलवृत्तांतांत एकाच आडनावाच्या घराण्यांची वेगवेगळ्या मूळ गावांनुसार विभागणी केलेली असते. तिची येथे आठवण होते.

आता मॅकिनन आणि मॅकेन्झी. ‘मॅक’ म्हणजे गेलिक भाषेत पुत्र. त्यापुढे येते ते पूर्वजाचे नाव किंवा त्याची पदवी, गावाचे नाव नव्हे. तेव्हा ही आडनावे आपल्या ‘कर’सारखी नाहीत. तरीही या कंपनीला एक गाव आहे. विल्यम मॅकिनन हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील किनटायर द्वीपकल्पातील कॅम्पबेलटाउनचे. १८४७ मध्ये कलकत्त्यात त्यांनी मॅकेन्झी यांच्याबरोबर पेढी काढली आणि त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची जहाजे आपल्या किनाऱ्यावरून रंगूनपासून इराणच्या आखातापर्यंत ये-जा करू लागली. पैसा झाल्यावर मॅकिनन यांनीही किनटायरमध्ये इस्टेट घेतली, आणि १८९३ मध्ये लंडनमध्ये मृत्यू आल्यानंतर त्यांचे दफन तेथील क्लॅकन या गावी झाले. नाव गावाचे नसले तरी वाट तीच : किनाऱ्यावरच्या गावातून हिंदुस्थानात आणि पुन्हा गावी.

प्रश्न : अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील मुंबईत इंग्रजांपेक्षा स्कॉटिश लोकच जास्त होते की काय, असे रस्त्यांची आणि पेढ्यांची जुनी नावे वाचताना वाटते. याचे कारण काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : संख्येने ते जास्त नव्हते, पण स्कॉटलंडची लोकसंख्या पाहता त्यांचा वाटा फारच मोठा होता. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचे एकीकरण झाल्यावर इंग्रजी साम्राज्यातील नोकऱ्या व व्यापार स्कॉटिश लोकांना खुले झाले. वडिलोपार्जित इस्टेट थोरल्या मुलाकडे जाण्याच्या प्रथेमुळे धाकट्यांना घराबाहेर पडण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यातच अठराव्या शतकाच्या अखेरीस हेन्री डंडास हा प्रबळ स्कॉटिश राजकारणी ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या मंडळाचा सूत्रधार होता आणि नेमणुकांच्या बाबतीत तो आपल्या देशबांधवांना विसरत नसे. एकदा एक काका मुंबईत स्थिरावला की पुतणे, भाचे आणि शेजाऱ्यांची मुले मागोमाग येत. फोर्ब्स पेढीत काकांनंतर पुतण्या आला, हे आपण वर पाहिलेच. ओळखीपाळखीने भरती करण्याची ही रीत मुंबईतील गिरण्यांत काम केलेल्या कोकणी कुटुंबांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : लॅमिंग्टन रोड आणि रे रोड ही नावेही स्कॉटिश गावांचीच आहेत, असे ऐकले. — एक वाचक, भायखळा

उत्तर : आहेत, पण ती गव्हर्नरांच्या पदव्यांमधून आली आहेत आणि पदवीतील गाव हे नेहमीच पूर्वजांचे गाव असते, असे नाही.

१९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन यांची पदवी क्लाइड नदीच्या वरच्या खोऱ्यातील लॅनार्कशायर परगण्यामधल्या लॅमिंग्टन गावाची. त्यांच्या बेली घराण्याचे या गावाशी जुने नाते होते. मुंबईत येण्यापूर्वी ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते आणि चॉकलेट व खोबऱ्याचा कीस लावलेल्या तेथील प्रसिद्ध केकचे ‘लॅमिंग्टन’ हे नाव त्यांच्यावरून किंवा त्यांच्या पत्नीवरून पडले असे मानतात. त्याच गावाच्या नावाने मुंबईकर दीर्घकाळ रेडिओचे आणि संगणकाचे सुटे भाग विकत घेत आले. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांच्याही तोंडी जुनेच नाव अजून ऐकू येते.

रे हे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, केथनेस परगण्यात समुद्रालगत वसलेले लहानसे गाव. मॅके घराण्याच्या प्रमुखाला १६२८ मध्ये ‘लॉर्ड रे’ ही पदवी मिळाली. १८८५ ते १८९० या काळातील आपले गव्हर्नर हे अकरावे लॉर्ड रे. गंमत अशी की त्यांचा जन्म नेदरलँड्समधील हेग शहरात झाला, कारण घराण्याची ही शाखा पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच स्थायिक झालेली होती. आणि उत्तर स्कॉटलंडमधील घराण्याच्या जमिनीही त्यांच्या जन्मापूर्वीच विकल्या गेल्या होत्या. हार्बर मार्गावरच्या रे रोड स्थानकाला ज्यांचे नाव मिळाले, त्या गव्हर्नरांकडे पदवीतील गाव केवळ नावापुरते उरले होते.

याहून पुढचे उदाहरण फॉकलंड रोडचे, म्हणजे आजच्या पठ्ठे बापूराव मार्गाचे. १८४८ ते १८५३ या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड फॉकलंड यांचे केरी घराणे मुळात इंग्रज. १६२० मध्ये हेन्री केरी यांना स्कॉटलंडच्या सरदारवर्गातील पदवी मिळाली आणि तिच्यासाठी फाइफ परगण्यातील, राजवाड्यामुळे प्रसिद्ध असलेल्या फॉकलंडचे नाव निवडले गेले. तेथे या घराण्याचे वडिलोपार्जित असे काहीही नव्हते. तेव्हा पदवीवरून कुळाचे मूळ गाव ठरवू लागलो तर फसगत ठरलेली.

प्रश्न : आमच्या घरी केल्व्हिनेटरचा फ्रीज आणि सायकलला डनलॉपचे टायर होते. या दोन्ही कंपन्या स्कॉटिश गावांच्या नावाच्या आहेत का? — एक वाचिका, मुलुंड

उत्तर : डनलॉपच्या बाबतीत होय, तेही आडनावाच्या मार्गाने. डनलॉप हे नैर्ऋत्य स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील गाव असून तेथील चीज टायरच्या कितीतरी आधीपासून नावाजलेले आहे. हवा भरलेल्या टायरचे जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म १८४० मध्ये त्याच परगण्यातील, पण ड्रेगहॉर्न या दुसऱ्या गावी झाला. ते बेलफास्ट येथे जनावरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्यांनी हा टायर तयार केला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. काही वर्षांतच ते व्यवसायातून बाहेर पडले. कंपनी त्यांच्या नावाने वाढत राहिली.

केल्व्हिनेटरचे मूळ गाव नव्हे, नदी आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या टेकडीखालून केल्व्हिन नावाची छोटी नदी वाहते. त्या विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांना १८९२ मध्ये सरदारकी मिळाली, तेव्हा त्यांनी पदवीसाठी या नदीचे नाव घेतले. निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यामुळे अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९१४ साली सुरू झालेल्या शीतकपाटांच्या कंपनीने त्यांचे नाव उचलले. थॉमसन स्वतः जन्माने बेलफास्टचे.

प्रश्न : ‘ग्लेनमार्क’ या औषध कंपनीच्या नावातील ‘ग्लेन’ म्हणजे स्कॉटलंडमधील दरी, असे माझ्या मुलाने शाळेच्या प्रकल्पात लिहिले आहे. ते बरोबर आहे का? अशा नावांची खातरजमा कोठे करावी? — एक वाचक, अंधेरी

उत्तर : ‘ग्लेन’चा अर्थ त्याने बरोबर लिहिला आहे, पण तो या कंपनीला लागू पडत नाही. ग्लेनमार्क ही १९७७ मध्ये ग्रेशियस सल्डान्हा यांनी मुंबईत स्थापन केलेली कंपनी असून तिचे नाव त्यांच्या ग्लेन आणि मार्क या दोन मुलांवरून ठेवले आहे. प्रकल्पात एवढी दुरुस्ती करून घ्यावी.

खातरजमेसाठी प्रथम कंपनीचे स्वतःचे निवेदन आणि जुने वार्षिक अहवाल पाहावेत. एकोणिसाव्या शतकातील पेढी असेल तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात, तसेच एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्या काळच्या मुंबईच्या निर्देशिका चाळाव्यात. त्यांत भागीदारांची नावे वर्षागणिक दिलेली असतात, त्यामुळे कोणता फोर्ब्स वा कोणता मॅकेन्झी केव्हा मुंबईत होता, हे ठरवता येते. भागीदाराचे पूर्ण नाव हाती आल्यावरच स्कॉटलंडकडे वळावे. तेथील जन्म-मृत्यूंची सक्तीची सरकारी नोंदणी १८५५ पासून सुरू झाली. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या पॅरिशनिहाय (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार ठेवलेल्या) वह्या आहेत आणि दोन्ही प्रकारच्या नोंदी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘स्कॉटलंड्स पीपल’ या संकेतस्थळावर शोधता येतात. चर्चच्या वह्यांत एकाच नावाची अनेक माणसे सापडतात, म्हणून आईचे माहेरचे आडनाव आणि शेताचे वा वस्तीचे नाव जुळल्याखेरीज आपला माणूस सापडला असे धरू नये.